भाड्यासाठी जुने घर घेताय? आधी जमीन पाहा, मग भिंत



शेत विकत घेताना आपण किती चौकस असतो! जमिनीचा पोत पाहतो, उतार पाहतो, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती टिकते ते विचारतो, बांधाच्या वादाची चौकशी करतो आणि सातबारा चार वेळा वाचतो. पण हाच शेतकरी गावात भाड्याने देण्यासाठी जुने घर घेतो, तेव्हा नवा रंग आणि रस्त्यावरचा दरवाजा पाहून इसार देऊन मोकळा होतो. पुढे दोन-तीन वर्षांत घर पैसे देण्याऐवजी पैसे खाऊ लागते.

सुलतानपूर हे मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरचे आणि लोणारकडे फाटा जाणारे गाव आहे. अशा रस्त्यावरच्या गावांत शिक्षक, बँक कर्मचारी, आरोग्यसेविका, वाहनचालक यांना भाड्याचे घर लागते. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा वाहतुकीस खुला झाला. ज्यांच्या जमिनी या कामात गेल्या, त्यांच्या हाती मोबदल्याची रक्कम एकदम आली. काहींनी त्यातून दुसरीकडे शेत घेतले, काहींनी घरे घेतली. घर घेणे चुकीचे नाही. पण जमिनीच्या मोबदल्यात आलेला पैसा दुसऱ्यांदा येत नसतो. म्हणून तो घालण्यापूर्वी काय पाहावे, दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी आणि घर भाड्याने कसे द्यावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

घरचा अनुभव

माझ्या मामांनी काही वर्षांपूर्वी भाद्रपदात एक दोन खोल्यांचे घर घेतले. भिंती गुळगुळीत, रंग ताजा. एका शिक्षकाला ते लगेच भाड्याने गेले. वैशाखात मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून बोट जाईल एवढी भेग पडली. मामांनी सिमेंटने ती बुजविली. पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. असे तीन वेळा झाले. भाडेकरू घर सोडून गेले आणि दोन वर्षांचे भाडे भिंतीतच जिरले. शेवटी भिंतीच्या पायाशी थोडे खोदून पाहिले, तेव्हा पाया जेमतेम हातभर खोल आणि तोही काळ्या मातीतच असल्याचे दिसले. न्हाणीचे पाणीही तिथेच मुरत होते. मामा कसलेले शेतकरी. त्या मातीचे शेत असते तर ढेकूळ हातात घेताच त्यांनी तिचा गुण सांगितला असता. घराखालीही तीच माती असते, एवढे मात्र लक्षात आले नाही.

१. आधी हिशेब कागदावर मांडावा

पिकाचा एकरी खर्च काढतो तसाच घराचाही काढावा. समजा, घराची किंमत ६ लाख रुपये आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी व लेखणावळ मिळून ४० हजार आणि दुरुस्ती १ लाख ६० हजार धरली, तर एकूण गुंतवणूक ८ लाख होते. महिन्याला ४ हजार रुपये भाडे मिळाले, तर वर्षाचे ४८ हजार, म्हणजे ६ टक्के. येथपर्यंतचा हिशेब सगळेच करतात. पुढचा हिशेब असा आहे :

एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत वर्षातून एक महिना घर रिकामे राहील असे धरा : ४ हजार वजा. ग्रामपंचायतीचे कर व किरकोळ खर्च : ३ हजार वजा. दरवर्षीच्या देखभालीसाठी गुंतवणुकीच्या १ टक्का बाजूला ठेवा : ८ हजार वजा. हाती उरले ३३ हजार, म्हणजे ४ टक्क्यांच्या थोडे वर.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करावा. मात्र यातून एक गोष्ट स्पष्ट होते. याच घरासाठी ४ लाख रुपये १० टक्के दराने कर्जाऊ घेतले, तर वर्षाचे नुसते व्याजच ४० हजार होते आणि घर देते ३३ हजार. ही ७ हजारांची तूट आणि कर्जाची मुद्दल शेवटी शेतातल्या सोयाबीन-तुरीलाच भरावी लागते. म्हणून भाड्याचे घर शिलकीच्या पैशातून घ्यावे. त्यासाठी शेत गहाण टाकू नये आणि पीककर्जाचा पैसा तर मुळीच वळवू नये. तोच पैसा विहीर, ठिबक किंवा फळबागेत घातला तर काय देईल, हेही शेजारी मांडून पाहावे.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. मोठ्या रस्त्याचे किंवा प्रकल्पाचे काम चालू असताना कामगार व अधिकारी येतात आणि भाडी चढतात. काम संपले की ते निघून जातात. अशा दिवसांतले भाडे कायमचे धरून घराची किंमत ठरवू नये. शाळा, बँक, दवाखाना यांच्यावर चालणारे भाडे कमी असले तरी टिकाऊ असते.

२. कागदपत्रे

(अ) गावातील घराचा ग्रामपंचायतीकडील नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. केवळ या उताऱ्यावर विसंबून व्यवहार करू नये.

(आ) गावठाणाचे भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका किंवा सनद पाहावी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्या गावची पत्रिका झाली आहे का, याची चौकशी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात करावी. पत्रिकेवरील क्षेत्र आणि जागेवरील क्षेत्र टेप लावून ताडून पाहावे.

(इ) घर गावठाणात आहे, शेतजमिनीवर आहे, की गायरान वा सरकारी जागेवर, हे खात्रीपूर्वक माहीत करून घ्यावे. अतिक्रमणातील घर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. घर शेतजमिनीवर असेल तर बिनशेती परवानगी व बांधकाम परवानगी पाहावी. मोठ्या रस्त्यालगत घर असेल तर ते रस्त्याच्या इमारत रेषेच्या आत येते का, हे बांधकाम खात्याकडे विचारावे.

(ई) घर वडिलोपार्जित असल्यास सर्व वारसांची संमती व सह्या हव्यात. बहिणींचा हिस्सा विसरू नये. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. “आमच्या बहिणी काही मागत नाहीत” हे बोलणे चहाच्या टपरीवर ठीक आहे, खरेदीखतात नाही.

(उ) दुय्यम निबंधक कार्यालयात वकिलामार्फत मागील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा. बँकेचा वा सोसायटीचा बोजा, गहाणखत, आधीचा इसार यांचा उलगडा त्यातून होतो.

(ऊ) चतुःसीमा लिहिताना सामाईक भिंत, सांडपाण्याची वाट आणि जाण्यायेण्याचा हक्क यांचा स्पष्ट उल्लेख करावा. गावातील निम्मे तंटे याच तीन गोष्टींवरून उद्भवतात.

घर घरातील स्त्रीच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत देण्यात आली आहे. नोंदणीपूर्वी तिची अद्ययावत माहिती घ्यावी.

३. घराखालची जमीन

आपल्या भागात माळावरच्या हलक्या मुरमाड जमिनीपासून नदी-नाल्याकाठच्या भारी काळ्या जमिनीपर्यंत सर्व प्रकार आढळतात. काळ्या जमिनीतील चिकणमाती स्मेक्टाइट गटाची असते. पाणी मिळाले की ती फुगते, पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. घर अशा मातीवर उभे असले तर फरशीखालची मध्यभागची माती बऱ्यापैकी ओलसर राहते. बाहेरच्या भिंतींखालची माती मात्र उन्हाळ्यात वाळून खाली बसते आणि पावसाळ्यात फुगून वर येते. भिंत दरवर्षी अशी खालीवर होते आणि तिला तडे जातात.

म्हणून घर दोनदा पाहावे : एकदा वैशाखात, एकदा श्रावणात. वैशाखात भेगा उघड्या असतात, श्रावणात गळती आणि ओल दिसते. तेवढी सवड नसेल तर निदान उन्हाळ्यात पाहावे. मालकाच्या परवानगीने भिंतीच्या बाहेर एका ठिकाणी पायापर्यंत खड्डा घ्यावा. पाया काळी माती ओलांडून मुरमावर किंवा खडकावर टेकला असेल तर घर निर्धास्त समजावे. पाया काळ्या मातीतच थांबला असेल तर किंमत त्या मानाने कमी करून घ्यावी किंवा ते घर सोडून द्यावे.

४. भेगांची परीक्षा

प्रत्येक भेग धोक्याची नसते. गिलाव्यावरील केसासारख्या जाळीदार भेगा बहुधा वरवरच्या असतात. खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी आणि एका टोकाला रुंद होणारी भेग मात्र पाया हलल्याची खूण समजावी. दरवाजे पावसाळ्यात अडकणे आणि उन्हाळ्यात सैल होणे हीही तशीच खूण असू शकते.

भेग वाढते आहे की थांबली आहे, हे पाहण्याचा सोपा उपाय असा : काचेची अरुंद पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने पक्की करावीत आणि शेजारी तारीख लिहावी. पट्टी फुटली तर भेग जिवंत आहे. जिवंत भेग बुजविणे म्हणजे वाहत्या नाल्यात माती टाकणे. आधी कारण दूर करावे. त्यासाठी :

• घराभोवती साधारण १ मीटर रुंदीची फरसबंदी करून तिचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा.
• पागोळ्यांचे पाणी पन्हळीने गोळा करून लांब सोडावे.
• न्हाणी व मोरीचे पाणी पायाशी मुरू देऊ नये. शोषखड्डा भिंतीपासून दूर, शक्यतो ५ मीटरवर घ्यावा.
• भिंतीला लागून मोठी झाडे लावू नयेत. त्यांची मुळे उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतात.

या उपायांनी पायाखालची ओल वर्षभर सारखी राहते आणि भिंतीची हालचाल पुष्कळ कमी होते. एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊन पट्टी शाबूत राहिली, की मगच भेग कायमची बुजवावी. भेग रुंदावतच असेल तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

५. धाब्याचे घर

जुन्या वस्तीत धाब्याची घरे अजून मिळतात. उन्हाळ्यात ती थंड असतात, त्यामुळे भाडेकरूला आवडतात. परंतु त्यांचा भार ध्यानात घ्यावा. दरवर्षी मृगाच्या आधी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवितात, जुना कोणी काढत नाही. १० चौरस मीटरच्या खोलीवर मातीचा १५ सेंमी थर असेल, तर ती माती दीड घनमीटर भरते. घनमीटरला १.६ टन धरले तरी २.४ टन ओझे होते. थर ३० सेंमी झाला की जवळजवळ ५ टन, आणि भिजल्यावर त्याहूनही जास्त. हे ओझे जुन्या सरांवर आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे अशाच जड छपरांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली दगावली.

धाब्याचे घर घेतल्यास जुनी माती उतरवून थर पातळ करावा. सरांची टोके जिथे भिंतीत शिरतात तिथे सुरीचे टोक खुपसून पाहावे. सहज आत गेले तर लाकूड कुजलेले किंवा वाळवीने पोखरलेले आहे. असा सर बदलल्याखेरीज त्या खोलीत कोणालाही राहावयास देऊ नये. छप्पर काढून पत्रे टाकायचे असतील तर ते वाऱ्याने उडू नयेत यासाठी कैच्या भिंतीत पक्क्या जखडाव्यात. पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना दिल्यास उन्हाची तलखी कमी होते.

६. लोणा, ओल आणि वाळवी

भिंतीच्या तळाशी पांढरी पूड सुटते, तिला आपण लोणा म्हणतो. जमिनीतील ओल केशाकर्षणाने भिंतीत चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून जाते आणि क्षार वर राहतात. खारवट जमिनीवर पांढरा थर येतो, त्यातलाच हा प्रकार. यावर सिमेंटचा जाड गिलावा हा उपाय नव्हे, कारण ओल आतच कोंडते आणि लोणा आणखी वर चढतो. आधी बाहेरचे पाणी तोडावे, भिंत वाळू द्यावी, सुटलेला गिलावा खरवडून काढावा आणि मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीला चुन्याचा गिलावा द्यावा. बांधकामाला विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी वापरू नये. शंका असल्यास पाण्याचा नमुना माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

वाळवीसाठी शेतातले उरलेले कीटकनाशक घरात फवारू नये. इमारतीतील वाळवीसाठी म्हणून लेबलवर स्पष्ट लिहिलेले औषधच, लेबलवरील प्रमाणात, घर रिकामे असताना आणि जाणकाराकडून वापरावे.

७. दुरुस्तीचा क्रम

दिवाळीनंतर काम सुरू करून होळीपूर्वी संपवावे. या काळात मजूर मिळतात का, हे कापूस वेचणी व हरभऱ्याची कामे पाहून ठरवावे. क्रम असा ठेवावा : छप्पर, पाण्याचा निचरा, भिंती, विजेची जोडणी, संडास-न्हाणी, फरशी आणि सर्वांत शेवटी रंग. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात.

कोणत्या कामाने भाडे वाढते, तेही पाहावे. संडास-न्हाणी वेगळी करण्यास ३० हजार लागले आणि भाडे महिना ७०० रुपयांनी वाढले, तर खर्च सुमारे ४३ महिन्यांत निघतो. चकचकीत फरशीला ५० हजार लागले आणि भाडे २०० रुपयांनीच वाढले, तर खर्च निघायला २५० महिने, म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ लागेल. भाडेकरूला पाणी, संडास, स्वतंत्र वीजमीटर, स्वयंपाकाचा ओटा आणि बंद होणारे दार हवे असते.

विजेच्या जुन्या तारा पूर्ण बदलाव्यात, अर्थिंग करावे आणि गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवावे. पत्र्याच्या घरात याला पर्याय नाही. घर भाड्याने दिले की आत झोपणाऱ्यांच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर येते.

शोषखड्ड्याचा संडास विहीर वा हापशीपासून किमान १० मीटर दूर असावा. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती वाळू किंवा मुरमाचा थर भरावा. दोन खड्डे आलटून-पालटून वापरल्यास एक बंद असताना त्यातील मैल्याचे खत होते.

पाण्याबाबत एक सोपे गणित आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ५० चौरस मीटर छपरावर ७०० मि.मी. पाऊस धरला तर ३५ हजार लिटर; त्यातले ८० टक्के हाती आले तरी २८ हजार. ५ हजार लिटरची झाकलेली टाकी भरून ठेवली, तर चौघांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज ४० लिटर धरून १२५ दिवस पुरते. माघापासून ज्येष्ठापर्यंतची टंचाई त्यात निघते. पहिल्या पावसाचे पाणी वाहू द्यावे आणि टाकीत जाणाऱ्या पाण्याला गाळणी लावावी. पाणी असलेले घर रिकामे राहत नाही.

८. भाडेकरू आणि करार

तोंडी व्यवहार करू नये. ओळखीच्या माणसाशी तर मुळीच नाही. साधारणपणे ११ महिन्यांचा लेखी करार करतात. त्यात भाडे, अनामत, वीजबिल कोणी भरायचे, दुरुस्ती कोणी करायची आणि घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, हे स्पष्ट लिहावे. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे, तेथे भाडेकरार लेखी व नोंदलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. आपले गाव त्यात येते की नाही या वादात न पडता करार नोंदवूनच घ्यावा. खर्च थोडा, निर्धास्तपणा मोठा.

दरमहा पावती द्यावी. भाडेकरूच्या ओळखपत्राची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. घर देताना भिंती, नळ, मीटरचा आकडा यांची यादी करून दोघांनी सही करावी. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडू नये, सामान बाहेर काढू नये. ते बेकायदेशीर ठरते. लेखी नोटीस द्यावी आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. जात-धर्म विचारून घर नाकारणे माणुसकीला शोभत नाही. वेळेवर भाडे आणि घराची निगा, एवढेच पाहावे.

शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, पण घरभाडे मुक्त नाही. त्यात भरलेला स्थानिक कर वजा करून उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. इतर उत्पन्न असल्यास हिशेब ठेवावा.

सारांश

१. खर्च वजा जाता उरणारे भाडे काढावे आणि त्यावरच किंमत ठरवावी.
२. शेत गहाण टाकून भाड्याचे घर घेऊ नये.
३. नमुना ८ म्हणजे मालकी नव्हे; मिळकत पत्रिका, वारसांच्या सह्या आणि ३० वर्षांचा शोध पाहावा.
४. वैशाखात आणि श्रावणात, असे दोनदा घर पाहावे. पाया मुरमावर आहे का ते खोदून बघावे.
५. आधी पाण्याचा निचरा, मग गिलावा.
६. लेखी करार, पावती आणि सौजन्य या तीन गोष्टी सोडू नयेत.

माझ्या मामांनी पुढे घराभोवती फरसबंदी केली आणि न्हाणीचे पाणी लांब काढले. नंतरच्या उन्हाळ्यात काचेची पट्टी फुटली नाही. मग त्यांनी भेग बुजविली आणि त्या घरात आता दुसरे कुटुंब राहते. हे काम पहिल्याच वर्षी झाले असते तर दोन वर्षांचे भाडे वाचले असते. ज्या मातीत आपले आयुष्य जाते, तिची ओळख घर घेतानाही वापरावी, एवढीच विनंती.